नॅनो पावडरची गोणी फोडण्याआधी : ठाणे-बेलापूर पट्ट्यातील लघुउद्योजकांना खुले पत्र

प्रति,
ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील रंग, कोटिंग, प्लास्टिक, कापड-प्रक्रिया आणि रसायन व्यवसायातील सर्व लघुउद्योजक

सप्रेम नमस्कार.

दिघ्यापासून शिरवण्यापर्यंत पसरलेल्या तुमच्या गाळ्यांमध्ये गेल्या काही वर्षांत नव्या नावांचा माल येऊ लागला आहे. नॅनो टायटॅनियम, नॅनो झिंक, नॅनो सिल्व्हर, कुठे कुठे कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या. नॅनो म्हणजे नेहमीच्या पावडरपेक्षा कितीतरी बारीक कणांचा माल. भिंतीवर डाग धरू न देणारा रंग, घामाचा वास न येणारे कापड, ओरखडे न पडणारे कोटिंग यासाठी तो लागतो. मागणी आहे, भावही चांगला मिळतो. पण या मालासोबत जो सुरक्षा-माहितीचा कागद येतो, ज्याला आपण एमएसडीएस म्हणतो, त्यावर बहुतेक वेळा त्याच रसायनाच्या जुन्या, जाड्या पावडरची माहिती छापलेली असते. माझे सगळे म्हणणे या कागदापाशी येऊन थांबते. नॅनो माल वेगळा माल म्हणून नोंदवा, वेगळा हाताळा, आणि त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहू नका.

मी रबाळ्यातल्या एका कोटिंगच्या कारखान्यात क्वालिटीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले. आता ऐरोलीत राहते आणि कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. गाळ्याचे भाडे, विजेचे बिल, बँकेचा हप्ता आणि चार महिने अडकलेले पेमेंट यांतून धंदा कसा चालतो हे मी जवळून पाहिले आहे. म्हणूनच तुम्हाला परवडणार नाही असे काही मी मागत नाही.

आधी या विज्ञानाबद्दल बोलू, कारण मला ते मनापासून आवडते. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मुंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना क्वांटम डॉट्ससाठी, म्हणजे मापानुसार रंग बदलणाऱ्या अतिसूक्ष्म कणांसाठी मिळाले. कॅडमियम सेलेनाइड हा एकच पदार्थ घ्या. त्याचा कण दोनेक नॅनोमीटरचा असला तर तो निळा प्रकाश देतो आणि सहाच्या आसपास गेला तर तांबडा. रसायन तेच, सूत्र तेच, फक्त आकार बदलला. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढ्या लहान जागेत इलेक्ट्रॉन कोंडला गेला की त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या बदलतात आणि त्यासोबत रंग बदलतो. एकिमोव्ह यांनी हे रंगीत काचेत पाहिले, ब्रुस यांनी द्रवात तरंगणाऱ्या कणांत, आणि १९९३ मध्ये बावेंडी यांच्या गटाने एकसारख्या मापाचे कण हुकमी बनवण्याची रीत दिली. आज दुकानात मिळणाऱ्या क्यूएलईडी टीव्हीत असेच कण असतात.

वैद्यकात तर याहून मोठी उडी झाली आहे. साधारण शंभर नॅनोमीटरच्या चरबीच्या थेंबात औषध भरून ते पेशीच्या आत पोहोचवता येते. २०१८ मध्ये अशा थेंबातून दिले जाणारे पॅटिसिरान हे औषध अमेरिकेत मंजूर झाले. कोविडच्या एमआरएनए लशी याच थेंबांतून दिल्या गेल्या, आणि पुण्याच्या जेनोव्हाने २०२२ मध्ये साध्या फ्रिजच्या तापमानाला टिकणारी एमआरएनए लस मंजूर करून घेतली. मे २०२५ मध्ये फिलाडेल्फियाहून बातमी आली. यकृताच्या अतिशय दुर्मीळ आनुवंशिक आजाराने ग्रासलेल्या एका तान्ह्या बाळासाठी, फक्त त्याच्याच जनुकातली चूक दुरुस्त करणारे औषध अवघ्या काही महिन्यांत तयार झाले आणि ते अशाच थेंबांतून त्याच्या यकृतापर्यंत पोहोचवले गेले. मी ती बातमी वर्गात वाचून दाखवली तेव्हा मागच्या बाकांवरही शांतता होती. आणि २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पुन्हा नॅनोच्या शेजारच्याच घरात गेले, नॅनोमीटरभर पोकळ्यांच्या जाळीदार स्फटिकांना. वाळवंटातल्या हवेतून पाणी गोळा करण्यापर्यंत त्यांची मजल गेली आहे.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की या प्रत्येक शोधाच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : आकार बदलला की गुण बदलतो. त्याच गोष्टीला नोबेल मिळते आणि तीच गोष्ट तुमच्या गोणीसोबतच्या कागदावरून गळून पडलेली असते. रंग बदलतो, वितळण्याचे तापमान बदलते, उत्प्रेरक म्हणून ताकद बदलते, हे आपण मान्य करून जास्त पैसे मोजतो. मग फुप्फुसात गेल्यावर मात्र तो कण जुन्या पावडरसारखाच वागेल, असे कोणत्या आधारावर धरायचे?

रबाळ्यात असताना टायटॅनियम डायऑक्साइडच्या, म्हणजे आपण नुसते टायटॅनियम म्हणतो त्या पांढऱ्या पावडरच्या, नॅनो ग्रेडची पहिली गोणी मिक्सरवर फोडताना मी उभी होते. जुन्या ग्रेडची गोणी हॉपरमध्ये, म्हणजे मिक्सरच्या माल ओतायच्या तोंडात, ओतली की पांढरा ढग उठायचा आणि थोड्या वेळात खाली बसायचा. हा ढग बसेचना. उन्हाच्या कवडशात तो जेवणाच्या सुट्टीनंतरही दिसत होता. ठेकेदाराचा माणूस तोंडाला रुमाल गुंडाळून हॉपरवर वाकला होता. शिफ्ट संपताना दुसऱ्याने कॉम्प्रेसरच्या हवेने त्याचे कपडे झटकून दिले, म्हणजे तीच पावडर पुन्हा हवेत गेली. मी खरेदी विभागाला विचारले तर उत्तर आले, टायटॅनियमच आहे, वर्षानुवर्षे वापरतोय. त्यांनी फाइलमधला कागद दाखवला. कागद खरोखरच टायटॅनियमचा होता.

थोडा हिशेब करू. दोनशे नॅनोमीटरचा एक कण म्हणजे रंगात वापरतात तो नेहमीचा कण. तेवढ्याच वजनात वीस नॅनोमीटरचे हजार कण बसतात. वजन तेच राहते, पण पृष्ठभाग दहापट होतो. वीस नॅनोमीटरच्या एक ग्रॅम टायटॅनियमचा एकूण पृष्ठभाग पंचाहत्तर चौरस मीटरच्या आसपास जातो, म्हणजे कोपरखैरण्यातल्या आठशे चौरस फुटांच्या फ्लॅटची सगळी फरशी एका ग्रॅममध्ये. शरीरातल्या पेशी कणाशी जे काही करतात ते या पृष्ठभागावर करतात. आपली धुळीची मोजणी मात्र वजनावर चालते.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात गुंटर ओबरडॉर्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना दोन टायटॅनियम पावडरी हुंगवल्या, एक वीस नॅनोमीटरच्या कणांची आणि एक अडीचशेच्या. लहान कणांनी फुप्फुसात कितीतरी जास्त दाह निर्माण केला आणि ते जास्त काळ आत राहिले. पुरवठादार हमखास सांगतात की हवेत नॅनो कण सुटे राहतच नाहीत, त्यांचे गठ्ठे होतात, म्हणून काळजी नको. गठ्ठे होतात हे खरे आहे. पण त्या प्रयोगातही दोन्ही पावडरींचे हवेतले गठ्ठे साधारण सारख्याच मापाचे होते, तरी फरक पडला. गठ्ठा झाला म्हणून आतला पृष्ठभाग नाहीसा होत नाही.

अमेरिकेच्या निऑश या व्यावसायिक आरोग्य संस्थेने याच आधारावर २०११ मध्ये दोन वेगळ्या मर्यादा सुचवल्या. नेहमीच्या टायटॅनियमसाठी हवेच्या एका घनमीटरमध्ये २.४ मिलिग्रॅम आणि अतिसूक्ष्मसाठी ०.३. एकाच रसायनासाठी आठपट कडक मर्यादा. कार्बन नॅनोट्यूबसाठी २०१३ मध्ये एक मायक्रोग्रॅम (मिलिग्रॅमचा हजारावा भाग), नॅनो चांदीसाठी २०२१ मध्ये ०.९ मायक्रोग्रॅम. आपल्याकडे अशी वेगळी बंधनकारक मर्यादा नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नॅनो मिशनमधून सुरक्षित हाताळणीची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आहेत, चांगली आहेत, पण ती मार्गदर्शकच आहेत.

भीती पसरवण्याचा माझा हेतू नाही, म्हणून दुसरी बाजूही मांडते. सगळे नॅनो सारखे घातक नसते. फ्यूम्ड सिलिका, जिला तुम्ही एरोसिल म्हणता, ती नॅनोच आहे आणि पिढ्यानपिढ्या रंगात पडते. ती अस्फटिक असल्याने क्वार्ट्झच्या धुळीसारखा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार करत नाही, तरी तिची धूळ कमी ठेवणेच बरे. टायटॅनियमबद्दल युरोपातही वाद आहे. खाद्यपदार्थांत तो घालायला तिथे २०२२ मध्ये बंदी आली, पण त्याच्या पावडरला हुंगल्यास कर्करोगाची शक्यता असल्याचे जे लेबल लावले होते ते युरोपच्या न्यायालयाने रद्द केले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरच्या न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. कार्बन नॅनोट्यूबमध्ये तर आकारावर सगळे ठरते. २००८ मध्ये एडिंबरोच्या गटाने दाखवले की लांब आणि ताठ नळ्या उंदरांच्या पोटाच्या अस्तरात ॲस्बेस्टॉससारखा दाह करतात. आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तसे केले नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये एका विशिष्ट ताठ नळीला संभाव्य कर्करोगकारक म्हटले, बाकीच्यांबद्दल पुरेसा पुरावा नसल्याचे सांगितले. त्यामुळे लांबी किती आणि ताठपणा किती हे न विचारता नॅनोट्यूब विकत घेणे मला कोणत्याही किमतीला मान्य होणार नाही.

आता उपाय. ते जवळजवळ सगळे तुमच्या आवाक्यातले आहेत, आणि यातच मला खरी आशा वाटते.

कोरडी पावडर शक्य तिथे घेऊच नका. बहुतेक ग्रेड पाण्यात किंवा सॉल्व्हंटमध्ये नीट पसरवलेल्या लगद्याच्या रूपात मिळतात. प्लास्टिकवाल्यांना मास्टरबॅच, म्हणजे पावडर आधीच मिसळलेले प्लास्टिकचे दाणे, मिळतो. ओल्या मालातून धूळ उडत नाही. किलोमागे थोडे जास्त जातात, पण बीड मिल या दळण्याच्या यंत्रावरचा वेळ वाचतो आणि हवेत उडून जाणारा महागडा मालही वाचतो. कोरडी घ्यावीच लागली तर हॉपरच्या तोंडाशी खेचणारा एक्झॉस्ट लावा आणि त्याला हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म धूळ अडवणारा फिल्टर बसवा. छतातला पंखा आणि भिंतीतला एक्झॉस्ट फॅन ढग फक्त शेजारच्या गाळ्याकडे ढकलतात.

मास्कबद्दल एक गैरसमज कायम ऐकते : एवढे बारीक कण मास्कमधून आरपार जातात, मग घालून उपयोग काय? प्रत्यक्षात अतिशय लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि मास्कच्या धाग्यांवर आदळून तिथेच चिकटतात. चांगला एन-९५ नॅनो कण बऱ्यापैकी अडवतो. गळती होते ती गालाच्या आणि नाकाच्या कडेने. दाढीवर मास्क बसत नाही. रुमाल तर फारसे काही अडवत नाही. म्हणून मास्क वाटून फोटो काढण्यापेक्षा प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तो नीट बसतो का हे पाहा. झाडूने कोरडे झाडणे आणि कॉम्प्रेसरने कपडे झटकणे आजच बंद करा, ओल्या फडक्याने पुसा. याला खर्च लागत नाही.

आणि हे फक्त ठेकेदाराच्या माणसासाठी आहे असे समजू नका. लहान गाळ्यात मालकाची केबिन मिक्सरच्या वरच्या माळ्यावर असते. हवा एकच. दहावी झालेला मुलगा सुट्टीत हिशेब बघायला येतो तोही तीच हवा घेतो.

पाण्याचे पण असेच आहे. टाकी धुतल्यावर पहिले पाणी कुठे जाते? नॅनो चांदी जिवाणू मारते, त्यासाठीच आपण ती विकत घेतो. पवन्याच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात आणि महापालिकेच्या मलनिस्सारण केंद्रांत काम करतात ते जिवाणूच. त्यांच्यातले अमोनिया पचवणारे जिवाणू चांदीला सर्वांत नाजूक असतात, हे प्रयोगशाळांत दिसून आले आहे. सांडपाण्यातल्या गंधकाशी जुळून बरीचशी चांदी सल्फाइड होते आणि गाळात बसते, तिचा विखार कमी होतो, हेही तितकेच खरे. पण त्या भरवशावर टाकी धुतलेले पाणी गटारात सोडू नये. पहिले धुवण वेगळ्या ड्रममध्ये भरा, पुढच्या बॅचला वापरा किंवा घातक कचरा म्हणून पाठवा. या पट्ट्यातले नाले शेवटी ठाण्याच्या खाडीत उतरतात. तिचा फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा २०१५ चा आणि रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, २०२२ चा आहे. फ्लेमिंगो चिखलातलेच गाळून खातात, आणि कण बसतात ते चिखलातच.

संशोधनाने इथेही वाट दाखवली आहे, आणि ती आपल्याच देशातल्या प्रयोगशाळेने. आयआयटी मद्रासचे टी. प्रदीप यांच्या गटाने पाणी शुद्ध करण्यासाठी नॅनो चांदी वापरली, पण सुटी नाही. कण एका सच्छिद्र खनिज-जाळीत घट्ट बसवलेले आणि पाण्यात फक्त जिवाणू मारण्यापुरते चांदीचे आयन हळूहळू सुटतात. २०१३ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. कण जाळीत बांधला की तो काम करतो आणि भटकत नाही. क्वांटम डॉट्सच्या धंद्यातही हेच घडले : विषारी कॅडमियमवर बंधने आली तेव्हा संशोधकांनी इंडियम फॉस्फाइडचे डॉट्स सुधारले आणि टीव्हीवाले तिकडे वळले. तुमच्या पुरवठादाराकडे कणाला वेष्टण दिलेला किंवा बांधलेला ग्रेड असेल तर तो मागा. मागणी आली की असे ग्रेड बाजारात वाढतात.

तुमच्यातले बरेच जण म्हणतील की कागदावर नॅनो लिहिले की ग्राहक घाबरेल. माझा अनुभव उलटा आहे. युरोपला माल पाठवणाऱ्यांना विचारा. तिथे सौंदर्यप्रसाधनांवर २०१३ पासून घटकाच्या नावापुढे नॅनो छापावे लागते. २०२० पासून रसायन नोंदणीत नॅनो रूपाची वेगळी माहिती द्यावी लागते. फ्रान्समध्ये वर्षाला शंभर ग्रॅमहून जास्त नॅनो पदार्थ बनवला, आणला किंवा विकला तरी सरकारकडे नोंद करावी लागते. हे प्रश्न इथल्या पुरवठादाराकडे आज ना उद्या येणारच आहेत. ज्याच्याकडे उत्तर तयार असेल त्याची ऑर्डर राहील.

म्हणून माझी विनंती अशी की आपल्या पट्ट्याची एक सामायिक नोंदवही सुरू करा. कोणत्या गाळ्यात कोणता नॅनो माल, साधारण किती, कोरडा की ओला. व्यवसायाचे गुपित उघडायची गरज नाही. डोंबिवलीत २०१६ च्या आणि २०२४ च्या मे महिन्यात जे स्फोट झाले त्यांचा नॅनोशी संबंध नव्हता. पण शेजारच्या गाळ्यात काय ठेवले आहे हे ठाऊक नसण्याची किंमत ठाणे जिल्ह्याने दोनदा मोजली. ॲल्युमिनियमची नॅनो पावडर एखाद्या बारीक ठिणगीनेही पेटू शकते. आग विझवायला येणाऱ्या जवानांना ती कुठे आहे हे आधी कळायला हवे. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने कामगाराला धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क दिला. तो हक्क नॅनो मालालाही लागू व्हायला वेगळा कायदा कशाला हवा?

मोजणीचीही सोय जवळ आहे. ऐरोली-मुलुंड पूल ओलांडून पवईला गेलात की आयआयटी मुंबईचे विश्लेषण केंद्र बाहेरच्यांचे, उद्योगांचेही नमुने शुल्क घेऊन तपासते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कणाचा खरा आकार दिसतो. नॅनो म्हणून विकलेला माल नॅनो नसल्याचेही त्यातून कळेल, म्हणजे पैसे वाचतील. एकट्याला हा खर्च जड वाटत असेल तर आठ-दहा जणांनी मिळून करा. माहिती गोळा करायला, कागद मराठीत आणि हिंदीत लिहून भिंतीवर लावायला मी आणि माझे विद्यार्थी यायला तयार आहोत. तुमच्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास द्या.

तोपर्यंत एवढे करा. पुढची ऑर्डर काढताना पुरवठादाराला चार गोष्टी लेखी विचारा : कणाचे माप किती, आकार गोल की लांबट, कणावर वेष्टण आहे का आणि कशाचे, आणि हाच माल लगद्यात किंवा मास्टरबॅचमध्ये मिळतो का. सोबतचा एमएसडीएस याच ग्रेडचा आहे असे त्याच्या सहीशिक्क्याने घ्या. हे द्यायला तो तयार नसेल तर दुसरा पुरवठादार पाहा.

आपली,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका
ऐरोली, नवी मुंबई